महिन्यातला एक गुरुवार

अक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "दिलीपजवळ कोण आहे?" ती कशी गेली, हे मी नंतर विचारलं. लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? पुढे कळलं, आमच्या थोरल्या भावानेही, तात्यांनीही, हेच विचारलं होतं. कुसुमअक्का आमची मधली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून माहेरी शेळगावला परतली आणि धाकट्या दिलीपची झाली. कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले. सुरुवातीला आम्ही अंगारे-धुपारे केले, मग डॉक्टर, मग गोळ्या… आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून अक्का केली. 'ती आहे ना' म्हणायचं आणि आपापल्या घरी जायचं.

बारामतीत महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी अशा रुग्णांच्या घरच्यांची बैठक भरते. तिचा पत्ता मीच शोधून दिला होता, त्याचा मला कोण अभिमान. पहिल्या खेपेला अक्का दिलीपला सोबत घेऊन गेली. तो गर्दीला बिचकला, उठून चालू लागला आणि संध्याकाळी एसटी स्टँडवर सापडला. तरी ती खुशीत होती. मला म्हणाली, "तितं एका बाईनं इचारलं, तुमाला झोप लागती का? इतक्या वर्षांत मला कुणी इचारलं न्हवतं गं." मग तिने एकच मागणं मागितलं. महिन्यातल्या त्या एका गुरुवारी मी शेळगावला येऊन दिलीपजवळ तीन तास बसायचं. मी जळोचीत राहते, शाळेतून निवृत्त झालेली, हिंडती-फिरती. पण मला कधी लग्न असायचं, कधी पाहुणे, कधी नुसता कंटाळा. अक्काने कधी तक्रार केली नाही. पुढे तिने विचारणंच सोडलं, आणि मला हायसं वाटलं.

शेवटचा फोन आला तोही गुरुवारीच. "आज जरा येतीस का? दिलीपपाशी बसाया." मला वाटलं, पुन्हा ती बैठक. म्हणाले, "पुढच्या महिन्यात नक्की." ती "बरं" म्हणाली. छातीत कळ येत होती आणि तिला दवाखान्यात जायचं होतं, हे मागाहून कळलं; तेव्हा तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीला ती चुलीपुढे पडलेली दिसली…

दहाव्याला कावळा शिवेना. ऊन वर चढलं, भटजी घड्याळ बघू लागले. शेवटी तात्यांनी हात जोडले, "कुसे, दिलीपची काळजी करू नगंस. मी हाय." कावळा लगेच आला. सगळ्यांचे डोळे पाणावले, माझेही. जेवणं उरकली आणि तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्याकडं नातवंडं ल्हान हायत. तू एकटीच हायस." कावळ्याला दिलेला शब्द संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. दिलीप माझ्याकडे आला. ह्यात माझा मोठेपणा काही नाही, मला नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

पहिल्या सकाळी मी त्याच्या हातावर गोळी ठेवली. तो घेईना.

"तुजी कुठाय?"

मला कळेना. त्याने अक्काचा औषधाचा डबा उघडून ताकदीच्या गोळ्यांची बाटली काढली. एकट्यानेच औषध घ्यायचं म्हणजे त्याला शिक्षा वाटायची, म्हणून ती रोज त्याच्यासोबत त्यातली एक घ्यायची. मी घेतली. मग त्याने मला जीभ बाहेर काढायला लावली, गोळी खरंच गिळली का बघायला. "अक्काची बी बगायचो," म्हणाला, आणि मगच आपली घेतली. आता रोज सकाळी आमचं हे चालतं. एवढी चौकशी अक्काची आमच्यापैकी एकाही शहाण्याने कधी केली नव्हती.