चाळीस शुभेच्छुक आणि चौकोनी तोंडाचा प्राणी

चहा घ्या आधी. कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे पुन्हा फ्लेक्स टाकाल की नाही, याची मला खात्री नाही!

जानेफळात माझं फ्लेक्सचं दुकान. त्या दिवशी कॉम्प्युटरवर आबासाहेबांच्या वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स तयार होता. आबासाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. आवाज असा, की काही चूक नसली तरी माणूस आधी माफी मागतो. फ्लेक्सवर खाली चाळीस शुभेच्छुक. कोणाचा फोटो वरच्या ओळीत, कोणाचा खालच्या, यावर तीन दिवस भांडणं झालेली! पाच वाजता सत्कार. त्याआधी फ्लेक्स एसटी स्टँडवर लागला नाही, तर मला गाव सोडावं लागलं असतं. फक्त छापायचा राहिला होता.

दुपारी अंजुम आली. कापडवाल्या हनीफभाईंची मुलगी, अमरावतीला चित्रकला शिकते.

"काका, यातलं चित्र चार बाय सहात काढून ठेवजा. प्रदर्शनाले न्यायचं हाय."

पेनड्राइव्ह ठेवला आणि गेली. मी त्यातली पहिलीच फाइल उघडली मात्र, अख्खी स्क्रीन करडी! वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटर दिसायचे ना, तशी. टुण्‌कन एक चौकट उघडली, 'धोका!' मग दुसरी. मग दहा. मग मोजता येईनात. आणि कोपऱ्यातून एक प्राणी आला. ठोकळ्याठोकळ्यांचा, चौकोनी तोंडाचा. पिवळी पिवळी फोल्डर गपागप खायला लागला! वर लाल अक्षरं, 'सगळं संपलं.'

एका चौकटीत 'थांबवा' असं बटण होतं. दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. वीस वेळा दाबलं हो! इकडे माझं कटकट, तिकडे त्याचं गपागप. त्यातलं एक फोल्डर आबासाहेबांचं, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मी टेबलाखाली शिरलो आणि वायरच उपटली.

शेजारी सादिकचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. माझी बोंब ऐकून तो धावत आला.

"काय झालं?"

"खाऊन राह्यलं ना बे सगळं!"

"कोन?"

"मले काय ठाऊक! तोंड चौकोनी होतं."

सादिकचा चेहरा उतरला. "व्हायरस हाय. जालीम दिसते. तसाच चालू करू नका, अजून पसरन. सगळं पुसाच लागते."

"अन् आबासाहेब?"

"त्याहिले तं खाल्लं म्हणता ना तुम्ही?"

"हाव. माह्या डोळ्यांदेखत."

"मंग आता काय वाचवाचं?"

आता सांगा, यात चूक काढायला जागा आहे का? आम्ही दोन शहाण्या माणसांनी, पूर्ण शुद्धीत, अख्खा कॉम्प्युटर साफ पुसून टाकला आणि कोराकरकरीत पुन्हा चालू केला.

साडेतीनला अंजुम परत आली. तिच्यावर मी असा काही बरसलो! तिनं गुपचूप पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली. तोच प्राणी! मी दाराकडे धावलो.

"काका, कुठी चालले? हे चित्र हाय, हलतं चित्र! जुनं इंटरनेट, पहिले व्हिडिओ गेम कसे दिसत, ते घेऊन मी काम करून राह्यली. छापाचं होतं ते दुसरं."

"मंग ते बटण काऊन दाबल्या जात नव्हतं?"

"चित्रातलं बटण कसं दाबल्या जाईन?"

सादिक हळूच सटकला. चाळीस फोटो पुन्हा मागायचे, म्हणजे पुन्हा तीन दिवस! हाताशी उरला होता तो आबासाहेबांना मंजुरीसाठी मोबाइलवर पाठवलेला बोटभर नमुना. तोच ताणला. वीस फुटांपर्यंत ताणला.

काय निघालं म्हणता? आबासाहेबांच्या तोंडाचे अकरा ठोकळे. चाळीस शुभेच्छुक म्हणजे फरशीचा नमुना.

अंजुमचे डोळे मात्र चमकले. "काका, हे तं माह्याहून भारी झालं!"

तिला कला दिसत होती, मला माझा दहावा.

पावणेपाचला फ्लेक्स लागला. मी रसवंतीच्या मागे लपून उभा. खाली चाळीस माणसं माना वर करून स्वतःला शोधत होती. "हा मी." "नाही बे, तो मी!" तेवढ्यात आबासाहेबांची गाडी आली. ते उतरले. बराच वेळ वर पाहत राहिले.

"कोनं केलं हे?"

कोणी सांगायची गरजच नव्हती. सगळा फ्लेक्स पुसट, पण खालच्या कोपऱ्यातली एक ओळ मी सवयीनं नव्यानं टाइप केली होती, आणि ती लांबूनही लख्ख वाचता येत होती. माझं नाव, दुकानाचं नाव, मोबाइल नंबर.

आबासाहेबांनी खिशातून फोन काढला. एकेक आकडा वर पाहून दाबला.

आणि रसवंतीच्या मागे माझा खिसा वाजायला लागला.