एमेरानची भूक

एमेरानच्या भुकेवर आमच्या गावात जेवढे विनोद झाले, तेवढे आमच्या पाद्र्याच्या नाकावरही झाले नसतील, आणि ते नाक तर खिंडीतूनसुद्धा दिसतं. त्यातले निम्मे विनोद माझेच. आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला जीभ मोकळी. इतकी वर्षं गप्प होतो. परवा एमेरानची बायको बुर्गीच म्हणाली, "सांग आता हवं तर. मी काय, पंच्याऐंशीला टेकले."

मी गिर्गल. गावाच्या सामाईक बिअरघरात चाळीस वर्षं भट्टीला लाकडं घातली. आमच्याकडे बिअर कारखान्यातून येत नाही. बारा घरांना ती शिजवायचा हक्क आहे, आणि हक्क माणसाचा नाही, घराचा. कढई सगळ्यांची एकच, भट्टी एकच. पाळी आली की शिजवायची, रात्रभर माळ्यावरच्या उथळ परातीत निवू द्यायची, सकाळी टाकीत भरून ट्रॅक्टरने घरी न्यायची आणि तळघरात मुरवायची. तयार झाली की दारावर काठीला सहा टोकांचा तारा टांगायचा. तारा दिसला की ज्याला तहान असेल त्याने खुशाल आत शिरावं.

त्यातही सप्टेंबरअखेरच्या जत्रेचा तारा मानाचा. बर्चची पानं पिवळी पडलेली असतात, सकाळी धुकं आणि दुपारी लख्ख ऊन, आणि न्यूर्नबर्गहून, पार म्युनिकहून माणसं बस भरभरून येतात. जत्रेची पाळी बारा वर्षांनी येते. एकदा सोडली की ती त्या घराकडे परत येत नाही, हा आमचा जुना दंडक.

ही गोष्ट घडली त्या वर्षी पाळी शिंप्याच्या घराची होती. त्या घरात शंभर वर्षांत कुणी सुई धरलेली नाही, पण आमच्याकडे आडनावाला कोण विचारतो, घराचं नाव तेच चालतं. आणि त्या घरचा एमेरान फेब्रुवारीतच गेला होता.

एमेरानसारखी बिअर पंचक्रोशीत कुणाची नव्हती. शिजवताना तो कढईपाशी उभा राहायचा, डोळे मिटायचा, नाक वर करायचा. आम्ही श्वास रोखून बघायचो. आणि मग हमखास बायकोला हाक यायची, "बुर्गी, भूक लागली गं!"

बुर्गी, म्हणजे वालबुर्गा, दाराजवळच्या बाकावर टोपली घेऊन बसलेली असायची. बायकांनी कढईजवळ यायचं नाही, बाईची नजर पडली की बिअर आंबते, असं आमचे म्हातारे सांगायचे. म्हातारेच ते, काहीही सांगायचे. डबा घेऊन आलेल्या बाईला मात्र कोण अडवणार? ती कधी म्हणायची, "थांब जरा, आत्ताच तर खाल्लंस." तर कधी म्हणायची, "ये, वाढते." ती 'ये, वाढते' म्हणाली रे म्हणाली की हा मला सांगायचा, "गिर्गल, ओढ लाकडं बाहेर. जेवून घेतो." दिवसातून चार-चार वेळा! सॉसेज, काळा पाव, मुळ्याच्या चकत्या. मी म्हणायचो, "लेका, पोट आहे की तळघर?" तो नुसता हसायचा आणि चावत राहायचा.

ऑगस्टमध्ये, रविवारच्या प्रार्थनेनंतर, सगळी घरं खानावळीत जमली. खालच्या सुताराच्या घरचा क्विरीन उठला. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही.

"बुर्गी, जत्रा माझ्याकडे दे," तो म्हणाला. "लाज कसली त्यात? तुझा नवरा गेला, त्याच्याबरोबर त्याचं नाक गेलं. नाक काय वारसाहक्काने मिळतं का?"

"तारा शिंप्याच्याच दारावर लागेल," बुर्गी म्हणाली.

"आणि शिजवणार कोण?"

"मी."

टेबलावर हशा पिकला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. क्विरीन म्हणाला, "बाई गं, हे बटाट्याचं सूप नव्हे. कढई लागली तर जत्रेला अख्ख्या गावाला लिंबू सरबत पाजशील का?"

"लागली तर पाळी तुझी. कायमची," ती म्हणाली आणि कोट चढवून निघून गेली. तिच्या हातात नवऱ्याचं घर, सासऱ्याचं घर, तीनशे वर्षांचा तो तारा. मला तिची काळजी वाटली आणि थोडा रागही आला. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?

शिजवायच्या दिवशी पहाटेचं धुकं अजून उतरलेलंच होतं. क्विरीन आणि आणखी दोघं 'मदतीला' म्हणून आले होते, म्हणजे तमाशा बघायला. मोड आणून वाळवलेले, भरडलेले जव पाण्यात पडले. मी जाळ वाढवला. खरी मेख इथेच आहे. तापमापीचा काटा पाण्याचा ताप सांगतो, पण घट्ट लगदा तळाला कधी धरणार ते नाही सांगत. लाकडाचा जाळ मोठा लहरी. क्षणभर उशीर झाला तरी करपट वास बिअरमध्ये उतरतो, आणि लवकर ओढला तर बिअर पाणचट. तो क्षण ओळखायला नाक लागतं.

आणि बुर्गी कुठे? दाराजवळच्या बाकावर! टोपली नाही, डबा नाही, मांडीवर हात ठेवून डोळे मिटून बसलेली. वाफेने छप्पर भरलं. माझी पाचावर धारण बसली.

"अगं ये ना इकडे, कढईशी!" मी ओरडलो.

"इथून बरं कळतं," ती म्हणाली.

"झोपायला आलीय की शिजवायला?" क्विरीन म्हणाला. "गिर्गल, ओढ जाळ, करपेल!"

बुर्गीने डोळे न उघडताच मान हलवली. "थांब जरा."

आम्ही थांबलो. कढईत जाड बुडबुडे फुटत होते. क्विरीनने लांब फळी तळाशी घालायला उचलली, आणि तेवढ्यात बुर्गी हलक्या आवाजात, रोजच्यासारखी म्हणाली, "ये, वाढते."

कुणाला म्हणाली? टोपली नव्हती. जेवायला कुणी नव्हतं. क्विरीन तोंड उघडं टाकून बघत राहिला. पण माझे हात! डोक्यात काही शिरायच्या आधी माझ्या हातांनी आकडा घातला होता आणि लाकडं भसाभस बाहेर ओढली होती. इतक्या वर्षांची सवय. आधी लाकडं बाहेर आली आणि मग मला कळलं.

क्विरीनने फळीने तळ खरवडला आणि वर काढून हुंगली. ताज्या पावाच्या कवचाचा, खमंग वास. करपायला एक श्वास बाकी होता. दुपारी बिअरला कडू चव देणारी हॉप्सची फुलं टाकतानाही तसंच झालं. "थांब जरा." आम्ही चार बाप्ये हातात टोपल्या घेऊन शाळेतल्या पोरांसारखे उभे. मग "ये, वाढते." आणि फुलं पडली.

बाकीचे बाहेर गेल्यावर मी तिच्या शेजारी बाकावर बसलो.

"अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात तो गवताच्या माळ्यावरून पडला होता, आठवतं?" तीच म्हणाली. "वायडेनच्या इस्पितळात तीन आठवडे होता. डोकं बरं झालं, नाक गेलं. गुलाब आणि शेण सारखंच. तुम्हाला कळलं असतं तर या बिअरघराची किल्ली काढून घेतली असतीत त्याच्याकडून. आणि मला काय दिली असती?"

"नसती दिली," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? "पण बुर्गी, तुला हे सगळं…"

"माझ्या बापाचं आख्खं आयुष्य बिअरघरात गेलं, सरहद्दीपलीकडे. मी त्याच्या कढईखाली रांगले."

"आणि एमेरानची भूक?"

ती हसली आणि मग तिचे डोळे भरले. "त्याला कशाचीच चव नव्हती रे. घरी वाटीभर सूप संपायचं नाही त्याच्याच्याने. पण भूक लागली म्हटल्यावर खायला तर हवं, तुम्ही सगळे बघत होतात ना. भुस्सा चघळावा तसा चघळायचा. घरी आल्यावर पोट धरून पडायचा. मी म्हणायचे, पुरे झालं, सांगून टाकू. तर म्हणायचा, 'हसू दे त्यांना. खादाडाला कुणी किल्ली मागत नाही.'"

सत्तावीस वर्षं! आणि मी त्याला तळघर म्हणायचो.

जत्रेच्या शनिवारी शिंप्याच्या दारावर तारा लागला. ऊन पडलं होतं, बँड वाजत होता, अंगणात बसायला जागा नव्हती. पहिला घोट रिवाजाप्रमाणे पुढच्या पाळीवाल्याचा, म्हणजे क्विरीनचा. त्याने पेला उचलला, प्यायला, डोळे मिटले. मग त्याने पेला टेबलावर आपटला आणि ओरडला, "एमेरानची! हुबेहूब एमेरानची! मानलं बुर्गी, जाताना नाक तुझ्याकडे ठेवून गेला बघ!"

टाळ्या, आरोळ्या. "एमेरानच्या भुकेच्या नावाने!" कुणीतरी म्हणालं, आणि शंभर पेले वर गेले. मी ताडकन उठलो. सांगणारच होतो सगळ्यांना. बुर्गीने लांबून माझ्याकडे बघितलं आणि किंचित मान हलवली. मी खाली बसलो. ती सगळ्यांबरोबर हसत होती आणि ॲप्रनने डोळे पुसत होती.

थोड्या वेळाने तिने माझ्यापुढे लाकडी तबक आणून ठेवलं. सॉसेज, काळा पाव, मुळ्याच्या चकत्या.

"खा, गिर्गल," ती म्हणाली.

मला अजिबात भूक नव्हती. तरी तबक रिकामं होईपर्यंत मी खाल्लं.