घासाला सोबत

धोंडीतात्या कुणाच्याही घरी जेवायला बसला की भाकरीला हात लावण्याआधी पाण्याचा तांब्या नाकाशी धरायचा. हुंगून म्हणायचा, "कोयनेचं पाणी मटणावर. माशावर कृष्णेचं." कराडात दोन्ही नद्या मिळतात, पण त्यांच्या पाण्यात अशी निवड करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. लोक हसायचे. तात्या चिडत नसे. "उभ्या जन्मात दुसऱ्यानं वरनं वतलेलं पाणी प्यालो, गड्या. आडाकडं जायाची सोय न्हवती. मग कुठल्या आडाचं ते नाकानंच वळखायचं." आणि शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "घासाला सोबत लागती."

तात्या आमच्याच वस्तीतला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची पलटण जपानात गेली होती, तेव्हा तो मेसमध्ये वाढप्या होता. कुठली दारू कुठल्या ताटाबरोबर द्यायची, हे तो तिथं शिकला. पुढे वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, दारू न पिण्याची शपथही घेतली; त्या दिवसापासून त्याने थेंबाला स्पर्श केला नाही. गावी आल्यावर तो साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर मसालची म्हणून लागला. रजिस्टरात त्याचं काम भांडी घासण्याचं होतं. रांधायचाही तोच, पण जेवणाऱ्यांना ते कळू दिलं जात नसे. ताट बाहेर न्यायला दुसरा खानसामा होता.

मी त्याच कारखान्यात कारकून होतो आणि चळवळीची पत्रकं वाचून वाढलो होतो. साहेबांची ताटं सजवणारा माणूस मला गुलाम वाटे. तसं मी त्याला तोंडावर म्हटलंही. तो म्हणाला, "ताट बघितलंस का कवा? आधी बघ, मग शिव्या दे."

त्या वर्षी खानसामा म्हातारपणामुळे घरी गेला आणि जागा रिकामी झाली. त्याच सुमारास यंत्रं बघायला एक जपानी इंजिनियर येणार असं ठरलं. चेअरमनसाहेब तात्याला म्हणाले, "धोंड्या, पाव्हणा खूश झाला तर खानसामा तूच. टेबलावर वाढायचं बी तूच." तात्या आठ वर्षं ह्याच वाक्याची वाट बघत होता.

त्याने सुशी करायचं ठरवलं. जपानात एका म्हातारीचं खोपटाएवढं हॉटेल होतं. टंचाईचे दिवस होते. तांदूळ आपण न्यायचा आणि तिने आंबट भाताच्या मुटक्यावर मासा ठेवून द्यायचा. मी विचारलं, "तात्या, मासा कच्चाच असतो ना?"

"तिकडं दर्याचा. हितला नदीचा मासा कच्चा घालून पाव्हण्याला मारतोस व्हय रं?"

त्याने कृष्णेतली वांब आणली, सापासारखा लांब मासा. ती निखाऱ्यावर भाजून तिला काकवी आणि मीठ चोळलं. आंबेमोहोराच्या भातात उसाच्या रसाचा शिरका घातला. एवढं एका दिवसात जमलं. पण बरोबर प्यायला काय, ह्यावर चार दिवस गेले. चव घ्यायला मला बसवलं होतं. ताक बाद. "माशावर ताक? तुझी आय मारंल मला." नीरा गोड पडली. गवती चहाच्या वासापुढे वांब लपली. शेवटी त्याने तांदूळ तव्यावर तांबूस भाजले, चिमूटभर चहापत्ती टाकून पाण्यात उकळले आणि गाळून दिले. एक घास, एक घोट. पुढच्या घासाला तोंड पुन्हा कोरं झालं होतं. तात्या माझ्या तोंडाकडे बघत होता. "गावली सोबत," एवढंच म्हणाला.

दुपारी पाहुणा टेबलावर बसला. मी इंग्रजीचा दुभाषा म्हणून बाजूला उभा होतो. चेअरमनसाहेबांनी परमिटाची व्हिस्की काढली. "धोंड्या, गिलास भर."

"सायेब, जेवणानंतर भरतो. आत्ता न्हाई."

"का?"

"तिला धुराचा वास हाय. वांबेला बी धूर हाय. दोन धूर एका तोंडात गेलं की भात मरतो." आणि त्याने किटलीतलं पाणी कपांत ओतलं.

"करपल्या तांदळाचं पाणी?" साहेब लाल झाले. "दुष्काळ पडलाय काय माझ्या घरात?"

काय चाललंय, असं पाहुण्याने मला विचारलं. मी सांगितलं. त्याने ग्लासावर हात ठेवला, कप उचलून वास घेतला, एक मुटका खाल्ला, एक घोट घेतला आणि दुसरा मुटका उचलला. मग त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. तात्याने दोन शब्दांत उत्तर दिलं. जपान्यांत एकमेकांचा कप भरायची रीत आहे. तात्याला कप नव्हता. पाहुण्याने चेअरमनसाहेबांचा न उष्टावलेला कप पुढे ओढला, भरला आणि दोन्ही हातांनी तात्यापुढे धरला. तात्या उभ्यानेच प्याला. साहेबांनी व्हिस्की एकट्याने घेतली.

आठवड्याने साताऱ्याहून नवा खानसामा आला. कारण सांगितलं, धोंड्या हुकूम ऐकत नाही.

मी पेटलो. सांगलीला जाऊन पत्रक छापून आणलं. दीक्षेच्या शपथेसाठी नोकरीवर लाथ मारणारा वीर, असा मथळा दिला. तात्याने ते ओळीखाली बोट धरून वाचलं.

"लय जाळ केलास. पर खोटं हाय."

"आवं तात्या, शपथ तर घेतलीय ना तुम्ही?"

"शपत माझ्या तोंडापुरती. पाव्हण्याला म्या जेवणानंतर वतणारच हुतो. आत्ता न्हाई म्हणालो, ते भातासाठी. म्या बरोबर हुतो, एवढं छाप."

"भातासाठी माणसं पेटत नाहीत, तात्या."

"मग ऱ्हाऊ दे. भांडी घासणाऱ्याला चव कळती, हे तुला बी छापवंना."

मी पत्रकं वाटली. पार वडूजपर्यंत वाटली. सभांतून टाळ्या पडल्या. तात्या पाचगणीला एका शाळेच्या भटारखान्यात गेला, पुन्हा मसालची म्हणून. एसटीत बसताना त्याने मला तंबाखू दिली, पण पत्रकाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

गेल्या महिन्यात तो तिथेच वारला. वस्तीतल्या शोकसभेत एका तरुणाने माझंच पत्रक वाचून दाखवलं. सगळे उभे राहिले. मीही उभा राहिलो आणि तेव्हाही खरं सांगितलं नाही. म्हणून आज हे लिहितो आहे. त्या दुपारी धोंडीतात्याने व्हिस्की ओतली नाही, कारण ती त्या भाताला शोभत नव्हती. घास तोंडात जाण्याआधी हे त्या एकट्याला कळलं होतं. तो खानसामा होता.