हालिनाबाईंची कार्डं

हालिनाबाई आमच्या निबंधाचा पहिला परिच्छेद न वाचताच खोडायच्या. "हा तू भीतीने लिहिलास. दुसऱ्यापासून बोलायला लागलीस," असं म्हणून कागद परत करायच्या. इंग्लंडमध्ये, लेस्टरला मी त्यांच्याकडे फ्रेंच साहित्य शिकले. युनिव्हर्सिटीत सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. 'हालिनाबाई' हे माझ्या आईने दिलेलं नाव.

जन्म पोलंडचा. युद्धात आईवडील गेले, मावशीने इंग्लंडला आणलं. "पोलिश माझ्याकडून हिसकावली, इंग्रजी गरजेपोटी आली. फ्रेंच तेवढी मी स्वतः निवडली," असं त्या म्हणत. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच विधवेच्या पत्रांचं त्या वीस वर्षं संपादन करत होत्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. कार्डांची अकरा खोकी झाली होती. छापायची घाई नव्हती. "ती बाई अजून पुरती कळलेली नाही मला."

ऐंशीच्या दशकात युनिव्हर्सिटीत खर्चकपात आली. विभागातल्या दोघांपैकी एकाने जायचं होतं. दुसरा तरुण, दोन लहान मुलांचा बाप. हालिनाबाईंनी राजीनामा दिला. वर्षभरात तो अमेरिकेला निघून गेला आणि विभागच बंद झाला. मी चिडले, तर म्हणाल्या, "मी त्याला नोकरी दिली, बेडी नव्हती घातली."

पुढे त्यांची दृष्टी गेली. मी तेव्हा शहराच्या कौन्सिलमध्ये नोकरीला होते. शनिवारी जाऊन वाचून दाखवायचे. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात पॅरिसहून पुस्तक आलं. तीच पत्रं, एका तरुण संशोधकाने छापलेली. मी चाचरत सांगितलं. त्यांनी प्रस्तावना आणि काही पत्रं दोनदा वाचून घेतली.

"काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "एक शब्द चुकलाय. ती 'थकले' म्हणत नाही, 'पुरे झालं' म्हणते. कळव त्याला."

मी कळवलं. उत्तर आलं नाही. मार्चमध्ये बाई गेल्या. अंत्यविधीला आम्ही चौघं होतो. फ्लॅट आठवड्यात रिकामा करायचा होता. लायब्ररीने खोकी घ्यायला नकार दिला. आपल्या घरात जागा नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि खोकी कचऱ्याच्या गाडीत चढवली.

नऊ दिवसांनी पॅरिसचं पत्र आलं. आजारपणामुळे उशीर झाला, क्षमा असावी. बाईंची दुरुस्ती अगदी बरोबर आहे. त्यांच्याकडे आणखी टिपणं असतील तर मी स्वतः लेस्टरला येतो. पुढची आवृत्ती दोघांच्या नावाने काढू.

चार दिवस मी कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. मग जे केलं होतं, ते लिहिलं.