आण्णांची बशी

धाराशिवचं स्टेशन गावाच्या टोकाला आहे, आमच्या घरापासून साडेतीन किलोमीटर. माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या वडिलांना, आण्णांना, मी रोज संध्याकाळी स्कूटरवर तिथं नेतो, कारण त्यांना गाड्या बघायच्या असतात. तिथल्या चहावाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो प्रत्येक वाक्य दोनदा बोलतो आणि माझ्या वडिलांना माझ्यासारखंच 'आण्णा' म्हणतो. ते मला आवडत नाही.

आण्णांचे हात कापतात. घरी मी कप अर्धाच भरतो, तरी ते चहा तसाच ठेवतात. हा माणूस इतर गिऱ्हाइकांना कागदी कप देतो; आण्णांसाठी मात्र त्यानं घरून कपबशी आणून ठेवली आहे. बशीत चहा ओतून ती तो त्यांच्या ओठांपाशी धरतो आणि स्वतः रुळांकडं तोंड करून बोलत राहतो, "आलीच बघा गाडी, आलीच बघा." कुणी त्यांना पाजतंय हे फलाटावर कुणाच्या लक्षातही येत नाही. आण्णा बशी रिकामी करतात. घरी माझ्या हातचा कप सहा महिन्यांत एकदाही रिकामा केला नाही.

काल न राहवून मी म्हणालो, "आण इकडं, आज मी धरतो."

"धरा की साहेब, धरा की."

मी दोन्ही हातांनी बशी धरली. थेंबही सांडू नये म्हणून नजर हलू दिली नाही. आण्णांनी एक घोट घेतला आणि तोंड बाजूला केलं.

"लई बघतूस रं तू," ते म्हणाले, आणि त्यांनी मान चहावाल्याकडं वळवली.