चाकं टेकवून परत

दुपारचे अडीच. आरामखुर्चीत बसलो आहे. मांडीवर लाकडी फळी, फळीवर दोन कागद आणि त्यांच्यामध्ये कार्बन पेपर. पस्तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होतो. काहीही लिहायचं तर स्थळप्रत ठेवायची, ही सवय नोकरी सुटली तरी सुटलेली नाही. वरच्या कागदावर एकच ओळ आहे : 'कॅप्टन भालचंद्र काळमेघ माझे बालमित्र होते.' ती लिहून पाऊण तास झाला.

भालूला जाऊन येत्या बावीस तारखेला वर्ष होईल. कुमुदवहिनी त्याच्या आठवणींची छोटी पुस्तिका छापून घेताहेत. "शेवटची वर्षं ते नव्या वैमानिकांना शिकवायचे, त्याबद्दल तुम्ही लिहा भाऊजी," त्या परवा म्हणाल्या. "तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं? आणि लिहिता येतं तेही तुम्हालाच." पाच वाजता त्या कागद न्यायला येणार आहेत. नेमक्या ह्याच विषयावर मी एकदा लिहिलेलं आहे, ते छापूनही आलेलं आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

डोळे जड होतात. पंख्याचा आवाज लांबून येणाऱ्या इंजिनासारखा जाड होत जातो.

"झोपला काय बे नारू?"

भालू समोर उभा आहे. वर पांढरा गणवेशाचा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, खाली घरचा लेंगा. पाय अनवाणी. तो गेला आहे हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. पण तो विषय काढणं बरं दिसणार नाही, असं मला वाटतं.

"वाचत होतो," मी म्हणतो.

"कोरा कागद? बरं वाचता येते तुला. चल, ऊठ."

उठतो आणि दारातून बाहेर पडतो, तर ते माझ्या कॉलेजच्या वाचनालयाचं दार असतं. तीच लांब टेबलं, तोच 'शांतता राखा' हा पत्र्याचा फलक. पण मधल्या वाटेवर पांढरे पट्टे रंगवलेले आहेत आणि जिथे ज्ञानकोशांची कपाटं असायला हवीत तिथे भिंतच नाही. वाट सरळ उन्हात निघून जाते. जमिनीवर रबराचे काळे ओरखडे उमटले आहेत, एकावर एक, शेकडो. फलकाखाली विमान उभं आहे. दीडशे-पावणेदोनशे माणसं मावतील एवढं मोठं. ते आत कसं आलं, असं विचारावंसं वाटतं, पण वाचनालयात मोठ्यानं बोलायचं नसतं.

आम्ही पुढे जाऊन बसतो. वैमानिकांच्या जागी वाचनालयातल्या वेताच्या खुर्च्या आहेत. मागे वळून पाहतो. सगळी आसनं रिकामी, आणि प्रत्येकावर माझ्याच अक्षरात दाखल क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली.

"कोणीच नाही?"

"नसतातच. नव्या पोराच्या हातची पहिली उतरणी, कोण बसेल त्यात? तू बसशील?"

"बसलोय की."

"तुझं काय. तू तर झोपेत बसला."

विमान उठतं. वेगाचं काहीच जाणवत नाही, फक्त टेबलं मागे जातात आणि मग गाव खाली येतं. वर्धा रोड, सोनेगावचा तलाव, तलावापलीकडे आमची वसाहत. भालू डावीकडे वळवतो, पुन्हा डावीकडे. धावपट्टी समोर येते, रुंद होते, आणि माझ्या पाठीतून एक धक्का जातो. चाकं टेकली. मला वाटतं, झालं. पण भालूचा हात पुढे सरकतो, इंजिनं गरजतात आणि जमीन पुन्हा सुटते.

चौदा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते मी आता विचारतो. "भालू, हे कशासाठी करता रे?"

तो माझ्याकडे बघतो. "आता विचारून राहिला?"

मग तो शाळेत मला सायकल शिकवताना बोलायचा त्याच आवाजात बोलू लागतो.

"पोरगं आधी सिम्युलेटरमध्ये शिकते. ती खोटी खोली आहे. तिच्यात धुकं आणता येते, इंजिन बंद पाडता येते, सगळं. पण त्या खोलीत कोणी मरत नाही, आणि पोराच्या पाठीला ते माहीत असते. शेवटचे वीस-तीस फूट खऱ्या जमिनीवरच शिकावे लागतात. आपण बसतो घराच्या गच्चीएवढे उंच. चाकं तिकडे मागे, खाली. दिसत नाहीत. नाक कधी उचलायचं, किती उचलायचं, हे पुस्तकात वाचून येत नाही, बाप्पा."

पुस्तकात म्हणताना तो हसतो. मी हसत नाही.

"मग उतरून थांबत का नाही?"

"इतकं मोठं धूड सहा वेळा थांबवलं तर ब्रेक लाल होतील. मग ते थंड होईस्तोवर बसा, मग हळूहळू परत त्या टोकाला जा. अर्धा दिवस गेला. आणि पोराची पहिली चूक तोवर शिळी होते. चूक ताजी आहे तोवर तीच जमीन पुन्हा समोर आली पाहिजे. म्हणून टेकलं की मी पंखांच्या झडपा परत बसवतो, इंजिन जागं करतो आणि म्हणतो, चल. सात मिनिटांत पुन्हा परीक्षा."

पुन्हा धावपट्टी, पुन्हा धक्का, पुन्हा आकाश. ह्या खेपेला खालचे पट्टे म्हणजे रेघी वहीची पानं आहेत.

"आणखी एक आहे," तो म्हणतो. "बिघडलेली उतरणी सोडून देता आली पाहिजे. पोरांना लाज वाटते. एवढं खाली आलो, सगळे बघून राहिले, आता कसा परत जाऊ? त्या लाजेपायी चांगली चांगली माणसं विमान जमिनीवर दाबतात. हाताला एकदा कळलं की टेकलं तरी निघता येते, मग लाज जरा कमी होते."

"म्हणजे निघून जाणं चांगलंच."

"एका जागेपर्यंत. रिव्हर्स ओढला, म्हणजे इंजिनाचा जोर उलटा फिरवला, की मग निघायचं नाही. मग काही होवो, थांबायचं." तो खिडकीकडे बोट करतो. "ते बघ."

खाली माझी गच्ची आहे. गच्चीवर एक माणूस उभा आहे, हातात पांढरा टॉवेल. टॉवेल खाली लोंबतो आहे.

तो मीच आहे, चौदा वर्षांपूर्वीचा. आदल्या दिवशी भालू घरी आला होता, पोरासारखा खुशीत. "उद्या सकाळी आपल्याच गावावर सराव आहे," म्हणाला होता. "पोरांना घेऊन येतो. तुझ्या गच्चीवरूनच वळेन. टॉवेल हलव, मी बघतो." मी गच्चीवर गेलो. ते अजस्र विमान माझ्या डोक्यावरून वळताना पाहिलं. आत माझ्या बाकावरचा मुलगा आहे, बासष्टाव्या वर्षीही लोक त्याच्याकडून काही शिकताहेत, आणि मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी कॉलेजातून एक माणूस काही विचारायला आलेला नाही. मला मत्सर वाटला. हे तीन शब्दांचं वाक्य आहे. ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. त्याऐवजी खाली जाऊन वर्तमानपत्राला पत्र लिहिलं.

"सहाही वेळा बघितलं मी," भालू म्हणतो. "मला वाटलं, चष्मा नसेल घातला."

विमानातल्या कर्ण्यातून माझा आवाज येऊ लागतो. मी ते पत्र वाचतो आहे, वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखा, ठासून. 'रिकाम्या विमानानं सकाळभर जमिनीला शिवून पळण्याचा हा पोरखेळ कोणासाठी? इंधनाची ही उधळपट्टी कशासाठी? उतरायचं की नाही हे वैमानिकांचं ठरत नसेल, तर त्यांनी एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीवर विचारावं.' आणि खाली : 'एक त्रस्त नागरिक.'

"बंद कर," मी म्हणतो.

"का? एसटी स्टँडचं बेस जमलं होतं. सारी वसाहत हसली. कुमुदला भाजीवाल्यानंही ऐकवलं."

सगळ्यात वाईट हे, की त्या वाक्याचा मला अभिमान होता. लोक ते म्हणून दाखवायचे आणि मी खाली बघून, लाजल्यासारखं करून, मनात पुन्हा पुन्हा ऐकायचो.

विमान नाही. आम्ही माझ्या बाहेरच्या खोलीत आहोत, खिडकीशी. चौदा वर्षांपूर्वीची संध्याकाळ. भालू पत्राचं कात्रण घेऊन आला आहे. "ह्याला उत्तर द्यायचं आहे, नारू. मला लिहिता येत नाही, तू लिहून दे." शाळेत त्याचे निबंध मीच लिहून द्यायचो, म्हणून त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आणि मी बसतो. खरंच बसतो. स्वतःच्याच पत्राला उत्तर लिहायला दोन कागद घेतो, मध्ये कार्बन घालतो, मग हा कार्बन फार वापरला म्हणून तो बाजूला काढतो आणि नवा आणायला कपाटाकडे जातो. वळून पाहतो तेव्हा भालू खिडकीशी उभा आहे. जुना कार्बन त्याच्या हातात आहे, उजेडासमोर धरलेला.

कार्बनवर शेवटचं लिहिलेलं राहतं. अक्षरं कोरल्यासारखी उजेडात दिसतात. निनावी पत्राचीही स्थळप्रत ठेवणारा माणूस ह्या गावात माझ्याशिवाय दुसरा नसेल.

"राहू दे, नारू," तेव्हा तो म्हणाला होता तसंच आताही म्हणतो. "उत्तर नको. जाऊ दे." आणि कार्बन फळीवर ठेवतो, अगदी हळू.

त्या दिवसानंतर तेरा वर्षं तो माझ्याकडे येत राहिला. बुद्धिबळ खेळलो, गुडघ्यांबद्दल बोललो. विमानाचा शब्द त्यानं माझ्या घरात पुन्हा काढला नाही. त्यानं वाचलं नसेल, नुसता उभा असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. वाचनालयात कोणी पान फाडलं की मला त्याच्या पाठीवरून कळायचं, आणि भालूची पाठ मला कळली नाही?

"तुला माहीत होतं," मी म्हणतो.

"अक्षर ओळखू येत नाही काय तुझं? त्याच अक्षरात पास झालो मी."

"मग बोलला का नाहीस?"

तो खिडकीच्या कठड्यावर बसतो. कठड्यापलीकडे धावपट्टी आहे. "उतरवणारा तू होता ना. शिकवणाऱ्यानं हात पुढे घ्यायचा नसतो. पोरगं चुकते, डगमगते, आपण हात मांडीवर ठेवून वाट बघायची." मग धावपट्टीकडे बघत : "मी जरा जास्तच बघितली."

"मी सांगायला आलो होतो. दोनदा तुझ्या फाटकापर्यंत आलो. दवाखान्यात आलो होतो."

"आला ना. मोसंबीचा रस ठेवला, डॉक्टरचं नाव विचारलं, पंखा बारीक केला आणि गेला."

"तुमच्यासारखंच झालं," मी म्हणतो. विनोद करायचा प्रयत्न आहे. "टेकलो आणि परत."

"नाही बे. आमची चाकं टेकतात." तो धावपट्टीवरचे काळे ओरखडे दाखवतो. "हे बघ, एकेका पोराचं एकेक. तुझं कुठे आहे?"

मी खाली वाकतो. ओरखड्यावर तळहात ठेवतो. जमीन गरम आहे, नुकतंच कोणी उतरून गेल्यासारखी.

"कुमुद येणार ना पाच वाजता?" भालूचा आवाज मागून येतो.

"हो."

"तिला अजून वाटते, ते पत्र लिहिणारा कोणी पेन्शनर जोशी होता. दिसला की रस्ता बदलते ती. उगाच त्या माणसाचा..." पुढचं ऐकू येत नाही. इंजिनाचा आवाज पातळ होत होत पंख्याचा होतो.

साडेचार वाजले आहेत. मान आखडली आहे. फळी मांडीवर तशीच आहे. कागद आहेत, पेन खाली पडलं आहे. पेन उचलायला वाकतो तेव्हा हात दिसतो. उजवा तळहात काळा झाला आहे, मनगटापासून मधल्या बोटापर्यंत लांबट, ओढल्यासारखा पट्टा. कार्बनवर हात पडला असेल, असं मी म्हणतो. पण कार्बन दोन कागदांच्या मध्येच आहे, काळी बाजू खाली, जसा घातला होता तसा.

नळाशी जाऊन हात धुवावा, असं वाटतं. उठलो की पाच वाजतील, वहिनी येतील, मी चहा टाकीन, त्यांना म्हणेन की अजून जमलं नाही, आठ दिवस द्या. मला माझी पद्धत माहीत आहे.

म्हणून उठत नाही. कार्बन काढून बाजूला ठेवतो. ह्याची स्थळप्रत नको. 'बालमित्र होते' ह्या ओळीखाली लिहितो : 'ते रिकामं विमान पुन्हा पुन्हा का उतरवत, हे मी त्यांना ते असेपर्यंत विचारलं नाही. न विचारताच त्यांची टिंगल करणारं पत्र वर्तमानपत्राला पाठवलं. तो त्रस्त नागरिक मी होतो.' अक्षर माझंच आहे, ओळखू येईल.

लिहिताना हात कागदावर टेकला आहे. उचलतो तर ओळींच्या उजवीकडे काळा ओरखडा उमटलेला. आयुष्यात असा डागाळलेला कागद मी कोणाला दिलेला नाही. कोरा कागद हाताशीच आहे.

फाटकाची कडी वाजते. मी दार उघडायला जातो, तोच कागद घेऊन.