कारखान्याच्या मालकाला नाव हवंय

मंडळी, आठ दिवस झाले, माझ्या गोष्टीतल्या चादर कारखान्याच्या मालकाला नावच सापडत नव्हतं. धनराज, कुबेर, जे लिहावं ते खोटंच वाटायचं.

आज सकाळी वैतागून शेजारच्या पद्मामावशींना विचारलं, "मावशी, लई श्रीमंत माणसाचं एखादं नाव सांगा की."

त्या ओट्यावर विड्या वळत बसल्या होत्या. हात थांबले. "मल्लय्या ठेव."

मल्लय्या म्हणजे त्यांचे यजमान. ते चादर कारखान्यात मागावर कामगार होते; कारखाना बंद पडला आणि वर्षभरात ते वारले. मावशींनी आजवर त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. 'आमचे हे', एवढंच.

"गोष्टीत तरी बसू दे त्यांना गादीवर," मावशी म्हणाल्या. "छापून आली की सांग. नातीकडनं वाचून घेते."

त्यांना कसं सांगू, की माझ्या गोष्टीतला मालक कारखान्याला टाळं ठोकतो आणि कामगारांना वाऱ्यावर सोडतो?

तेव्हापासून त्याला चांगला माणूस करायला बसलेय. जमत नाहीये. टाळं न ठोकणारा मालक मी पाहिलेलाच नाही.

तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का?